हेडलाइट आणि आरसे घरीच दुरुस्त करा, पण या क्रमाने

रात्री समोरचं नीट दिसेनासं झालं की आपल्याकडे उपाय ठरलेला. तालुक्याला जायचं आणि ‘शंभर-नव्वद’ वॉटचे बल्ब टाकून आणायचे. पंधरा दिवस मजा वाटते. मग होल्डर वितळतो, वायरिंगचा जळका वास येतो, आणि समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर शिव्या घालतो तो वेगळाच. दिवाळीपासून आमच्या अंगणात अशा सात-आठ गाड्या येऊन गेल्या. खरोखर बल्ब खराब निघाला तो एकीचा. बाकीच्यांचा उजेड वाटेतच सांडत होता: थोडा गंजलेल्या अर्थिंगमध्ये (पत्र्याला जोडलेल्या परतीच्या वायरमध्ये), थोडा पिवळ्या पडलेल्या काचेत, आणि उरलेला बंपरपुढच्या दहा पावलांत.

आरशाचंही तसंच. पांदणीतून येताना बाभळीची फांदी लागते किंवा समोरून कापसाची बंडी येते, डावा आरसा जातो. मग घरातला दाढीचा आरसा कापून चिकटवला जातो. तो उन्हाळ्यात गळून पडतो, नाहीतर त्यात मागचं अर्धंच दिसतं.

ही कामं अवघड नाहीत, फक्त क्रम चुकतो. खाली दिलेला क्रम शनिवार-रविवार धरून आहे. आरशाच्या गोंदाला वाळायला वेळ लागतो म्हणून तो आधी. हेडलाइटचा रोख अंधारातच साधता येतो म्हणून तो रविवारी संध्याकाळी, आणि वाळलेला आरसा त्यानंतर. बल्ब बदलायचा की नाही हे मधे कुठेतरी आपोआप कळतं.

हे सगळं हॅलोजन बल्बच्या, म्हणजे आत तापणारी तार असलेल्या बल्बच्या गाड्यांसाठी आहे. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट आलेली गाडी असेल तर काच घासणं आणि रोख साधणं एवढंच तुमच्या कामाचं. आतलं उघडू नका.

तयारी

आधी सामान जमवा. घासताना मधेच ‘२००० नंबर संपला’ म्हणून तालुक्याला पळालात की तेवढ्यात काचेवर धूळ बसते आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

- वॉटर पेपर: ८००, १२००, २००० आणि मिळाला तर ३००० नंबर. रंगाच्या दुकानात मिळतो. सुतारकामाचा कोरडा पॉलिश पेपर आणू नका.
- मास्किंग टेप (पिवळसर कागदी), रबिंग कंपाउंड, दोन-तीन मऊ सुती फडकी, मेडिकलमधून स्पिरिट.
- हेडलाइटवर मारायचा यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर.
- न्यूट्रल सिलिकॉन. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघूनच घ्या.
- १० चा पाना, चौफुली पेचकस, साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र), हातभर-दोन हात वायर.
- गवंड्याचा लेव्हल पाइप, मोजपट्टी, खडू.
- चामडी किंवा जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा.

वेळ निवडणं हीसुद्धा तयारीच. क्लिअर कोटासाठी आपल्याकडे सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे. मे महिन्यात करायचंच असेल तर सकाळी आठच्या आत, सावलीत. दुपारी पारा पंचेचाळीसला असताना मी एकदा घासायला बसलो होतो. पाणी मारतो न मारतो तोच वाळत होतं, पेपर कोरडाच फिरला, आणि काचेवर गोल-गोल ओरखडे उमटले. ते काढायला पुढचा अख्खा रविवार गेला. कोट मारायच्या दिवशी शेजारी सोयाबीनचं थ्रेशर चालू असेल तर तो दिवस सोडूनच द्या.

टप्पा १ : शनिवारी सकाळी, आरशाची काच

आधी काय तुटलंय ते ठरवा. फक्त काच फुटली असेल तर काम अर्ध्या तासाचं. आरसा दुमडायचा सांधाच मोडला असेल तर ते वेगळं काम, खाली सांगतो.

फुटलेल्या काचेवर टेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारा, म्हणजे तुकडे मांडीवर सांडणार नाहीत. चष्मा आणि हातमोजे घाला. बहुतेक गाड्यांत काच एका प्लॅस्टिकच्या पाठीवर बसलेली असते आणि ती पाठ आतल्या खुंट्यांवर खटक्याने अडकलेली असते. काचेची एक कड हाताने पूर्ण आत दाबा, समोरची कड बाहेर येईल. त्या फटीत बांबूची चपटी काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालून हळूहळू उचका. लोखंडी पेचकस घालू नका, त्याने आरशाचं कव्हर चिरतं. थंडीत प्लॅस्टिक कडक होऊन खुंट्या मोडतात, म्हणून गाडी आधी अर्धा तास उन्हात उभी करा. बटणाने फिरणारा आरसा असेल तर आतलं यंत्र सांभाळा आणि काचेमागे वायर जोडलेल्या असतील तर ओढण्याआधी सोडवा.

आता नवी काच. शक्य असेल तर पाठीसकट तयार काच घ्या, तुमच्या मॉडेलची आणि तुमच्या बाजूची. साइडचा आरसा बहुधा किंचित फुगीर असतो, म्हणून त्यात जास्त रस्ता मावतो. काचवाल्याकडून सपाट आरसा कापून आणलात तर तो बसेल छान, पण मागचा ओव्हरटेक करणारा मोटारसायकलवाला त्यात दिसणारच नाही. घेताना एवढं करा: स्टीलची पट्टी काचेवर आडवी टेकवा. मधे टेकून दोन्ही टोकांना उजेडाची फट दिसली तर काच फुगीर. कुठेच फट नाही तर सपाट, परत करा.

नुसती काच मिळाली, पाठ मिळाली नाही, तर जुन्या पाठीवरून तुकडे आणि गोंद खरवडून काढा, स्पिरिटने पुसा. सिलिकॉनचे वाटाण्याएवढे पाच-सहा ठिपके द्या आणि काच हलकी दाबून बसवा. पाठभर सिलिकॉन फासू नका. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर वाळतं, कडा बंद झाल्या की मधलं ओलंच राहतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तर दुप्पट वेळ लागतो. पावसाळ्यात जे उद्या पक्कं होतं त्याला एप्रिलमध्ये दोन दिवस द्या. वाळेपर्यंत काच खाली घसरते, म्हणून टेपच्या दोन पट्ट्या आडव्या मारून ठेवा.

सावधान: ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते आरशाला लावू नका. ते मागचा चंदेरी थर खातं, सहा महिन्यांत कडेने काळे डाग चढतात. आणि तो पटकन चिकटणारा पाण्यासारखा गोंद तर नकोच. उन्हात उभ्या गाडीवर तो ठिसूळ होतो आणि खड्ड्यात गाडी आपटली की काच अखंड निघून पडते.

सांधा मोडला असेल तर. एम-सील भरून आरसा कायमचा ताठ करून टाकणं ही गावातली आवडती युक्ती. ‘हालतच नाही आता, पाह्य,’ असं कौतुकानं दाखवतात. दुमडणारा सांधा दिलेला असतो तो धक्का लागला की आरशाने मागे वळावं म्हणून. तो गोठवला की पुढच्या बंडीचा धक्का थेट दाराच्या पत्र्यावर येतो. पूर्ण आरसा बदला. दाराच्या आतल्या बाजूची तिकोनी पट्टी उचकली की मागे बहुधा तीन नट दिसतात. नट सोडण्याआधी खालच्या भोकात फडकं कोंबा. एक नट दाराच्या पोटात पडला की तो शोधायला अख्खं पॅनल काढावं लागतं, आणि तो पडतोच. शेवटचा नट सोडताना दुसऱ्या हाताने बाहेरून आरसा धरा. जुना माल घेणार असाल तर बाजू, दांडीवाला की बटणवाला, आणि प्लगमधल्या पिनांची संख्या जुळवून घ्या.

टेप मारलेला आरसा आता विसरा. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

टप्पा २ : उजेड कुठे अडतोय ते शोधा

अजून काहीही विकत घ्यायचं नाही. आधी दोन्ही दिवे लावून गाडीसमोर उभे राहा आणि घरातल्या कोणाला तरी अप्पर-डिपर (लांबचा-जवळचा उजेड) करायला सांगा.

दोन्हीकडचा डिपर एकदम गेला असेल तर फ्यूज, रिले किंवा स्विच. काही गाड्यांत डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज असतात, म्हणून फ्यूजच्या डब्याच्या झाकणामागचा नकाशा वाचा. एकाच बाजूचा फक्त डिपर किंवा फक्त अप्पर गेला असेल तर बहुधा बल्बची तार. खात्री करायला डावा बल्ब उजवीकडे घाला. दोष बल्बाबरोबर उजवीकडे गेला तर बल्ब खराब, दोष जागेवरच राहिला तर वायर किंवा होल्डर. एवढ्या एका अदलाबदलीने निम्मे लोक नवा बल्ब घेण्यापासून वाचतात.

दिवा लागतो पण पिवळट, मिणमिणता? मग अर्थिंग बघा. हीच सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा. बॅटरीच्या वजा टोकाला सुट्या वायरचं एक टोक जोडा आणि दुसरं टोक, दिवा चालू असताना, त्याच बल्बच्या अर्थच्या वायरला टेकवा. उजेड वाढला तर अर्थ खराब. आमच्या शेजारच्या भाऊंची जीप याच कारणाने दोन वर्षं आंधळी होती. वायर टेकवली तसा दिवा मातकट पिवळ्याचा पांढरा झाला. भाऊ खिशातले पैसे चाचपत म्हणाले, “मंग बल्ब कायले आणू?” बल्ब आणलाच नाही. बोल्ट सोडला, पत्र्यावरचा गंज आणि रंग घासून चमकवला, वायरचं टोक घासलं, परत आवळलं, वरून थोडं ग्रीस. खर्च शून्य.

मल्टिमीटर असेल तर नेमकं कळतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. मग दिवा लागलेला असतानाच होल्डरच्या मागून मोजा. बॅटरी आणि होल्डर यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक निघाला तर वाटेत गळती आहे. आकडा छोटा वाटतो, पण हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की त्याचा उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो.

होल्डर काढून आत बघा. पिनांची टोकं काळी, प्लॅस्टिक तपकिरी-ठिसूळ असेल तर होल्डर बदला, नुसता बल्ब बदलून भागणार नाही. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का तेही बघा. तूर-हरभऱ्याची पोती शेजारी असलेल्या शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर हमखास.

सावधान: फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद घालू नका. उडालेला फ्यूज त्याच आकड्याचा घाला. तोही उडाला तर कुठेतरी वायर पत्र्याला टेकतेय, ती शोधा.

टप्पा ३ : बल्ब, बदलायचाच असेल तर

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत आणि जीपमध्ये एच-४ बल्ब असतो: अप्परला ६० वॉट, डिपरला ५५. म्हणजे ५ अँपिअरच्या आसपास. शंभर वॉटचा बल्ब ८ अँपिअरवर जातो. वायर, स्विच आणि होल्डर तेवढ्यासाठी बनवलेले नाहीत, म्हणून ते वितळतात. निळसर बल्बवरचा रंग उजेड गाळून टाकतो, पावसात आणि धुरळ्यात तर तो आणखी वाईट.

हॅलोजनच्या घरात बाजारातले सुटे एलईडी टाकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. आतला चंदेरी वाडगा एका बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड दुसऱ्या जागेतून निघतो आणि वर-खाली फाकतो. गाडीपुढे पांढराशुभ्र चटका दिसतो, लांबचं काहीच नाही, आणि समोरच्याचे डोळे जातात.

किल्ली काढा, दिवा गार होऊ द्या. होल्डर ओढा, मागची रबरी टोपी सोलून काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला करा. क्लिप कशी अडकली होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, परत लावताना अंधारात तोच उपयोगी पडतो. नव्या बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नका. बोटाचं तेल तापून तिथे काच कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. एच-४ ला तीन कान असतात, मोठा कान वर. बल्ब सपाट बसला नाही तर जोर करू नका, काढून पुन्हा बसवा.

तपासा: रबरी टोपी सगळीकडून खाचेत बसली का ते बोट फिरवून बघा. सुटी राहिली तर पहिल्याच पावसात आत पाणी आणि वर्षभरात वाडग्यावर धूळ. वाडगा आतून मळला असला तरी फडक्याने पुसू नका, त्यावरचा चंदेरी थर फडक्याबरोबर निघून येतो.

टप्पा ४ : पिवळी काच घासणं

आधी नखाने टकटक करा. जुन्या जीपची आणि जुन्या छोट्या गाड्यांची हेडलाइट खऱ्या काचेची असते, ती पिवळी पडत नाही आणि तिला वॉटर पेपर लावायचा नाही. बाकी सगळीकडे पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक असतं. त्यावर कारखान्यात एक पातळ कडक थर दिलेला असतो. आपलं ऊन तो थर आधी खातं, मग खालचं प्लॅस्टिक पिवळं होतं. म्हणून अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीच्या काचा लवकर जातात.

टूथपेस्टने घासून दोन आठवडे चमक येते हे खरं. थर मात्र गेलेलाच असतो, त्यामुळे महिन्याभरात काच पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडते. तेच पेट्रोल आणि थिनरचं. त्यांनी क्षणभर काच साफ दिसते आणि मग आत बारीक भेगा पडतात. हे दोन्ही काचेला लावू नका.

४.१ काच धुवा, वाळवा. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या. एका थरातून ८०० चा पेपर कधी पार जातो ते कळत नाही, आणि मग बॉनेटचा रंग गेला म्हणून घरात ऐकावं लागतं.

४.२ बादलीत पाणी आणि शाम्पूचे चार थेंब. पेपर दहा मिनिटं भिजू द्या. काच खूप पिवळी असेल तर ८०० पासून, नुसती धुरकट असेल तर थेट १२०० पासून सुरुवात. आडवे हात, हलका दाब, सतत पाणी. सुरुवातीला पिवळसर दुधासारखं पाणी ओघळतं. ते पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही.

तपासा: काच पुसून कोरडी करा आणि टॉर्च तिरपा धरा. सगळीकडे एकसारखा मंद धुरकटपणा हवा. कुठे चकचकीत ठिपके उरले तर तिथे जुना थर अजून आहे. तो सोडलात तर क्लिअर कोट नेमका त्याच कडेवरून पापुद्र्यासारखा सुटतो.

४.३ आता १२००, उभे हात. दिशा बदलायची म्हणजे आधीचे आडवे ओरखडे उरले की लगेच दिसतात. ते सगळे गेले की २०००, पुन्हा आडवे. मग ३०००. प्रत्येक नंबराला एका काचेवर पाच-सात मिनिटं लागतात. ८०० वरून उडी मारून २००० घेणं ही मी पाहिलेली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. दिवसा काच छान दिसते, रात्री दिवा लावला की आतले ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. पेपर बदलताना बादलीतलं पाणीही बदला. जुन्या पाण्यातला एक मोठा कण नव्या पेपरखाली आला तर मागे जावं लागतं.

४.४ रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने गोल-गोल. तुमच्या कोटच्या डब्यावर ‘कोट थेट घासलेल्या काचेवर मारा’ असं लिहिलं असेल तर ही पायरी गाळा. कंपाउंडमधलं तेल काचेवर राहिलं तर कोट धरत नाही. लावलंच असेल तर स्पिरिटने दोनदा पुसा, दरवेळी फडक्याची नवी बाजू घेऊन.

४.५ क्लिअर कोट. सावली, वारा नाही, काच हाताला गरम लागत नाही, हे तिन्ही जमलं तरच सुरू करा. जमिनीवर आधी पाणी शिंपडा, धूळ बसते. बाकी गाडीवर वर्तमानपत्र टाका. डबा वीतभर लांब धरून पातळ हात मारा, काचेच्या बाहेर सुरुवात, बाहेरच शेवट. दहा मिनिटांनी दुसरा हात. एकाच वेळी जाड मारलात तर ओघळ येतात, आणि ओघळ आला की वाळू देऊन, घासून, पुन्हा पहिल्यापासून. चोवीस तास पाणी लावू नका.

सावधान: हार्डनर मिसळून मारायचा ‘टू-के’ कोट टिकतो जास्त, पण त्याची वाफ फुप्फुसाला घातक. त्याला तोंडावर बांधलेला रुमाल पुरत नाही, गाळणीचा मास्क लागतो. तो नसेल तर फडक्याने लावायचा यूव्ही कोट घ्या. लेकरांना तोपर्यंत अंगणाबाहेर ठेवा.

आत पाणी दिसलं तर घाबरू नका, भोक तर अजिबात पाडू नका. थंडीच्या पहाटे कडेला धुकं धरतं आणि दिवा लावल्यावर थोड्या वेळात जातं, ते चालतं. तळाशी थेंब साचत असतील तर मागची टोपी, हवेची नळी आणि काचेची चीर बघा. टोपी काढून दिवसभर उन्हात वाळवा, चीर बाहेरून न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा. काच भाजून उघडण्याचे व्हिडिओ बघून स्वयंपाकघरात प्रयोग करू नका.

टप्पा ५ : रविवारी संध्याकाळी, रोख साधणं

हाच टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. मागचं सगळं करून दिवा खाली झुकलेला राहिला तर मेहनत मातीत. हिशेब बघा. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंमी उंचीवर आहे आणि उजेड दर मीटरला १ सेंमी उतरतो, तर तो जमिनीला ६५ मीटरवर टेकतो. दर मीटरला १.६ सेंमी उतरला तर ४० मीटरवरच संपतो. ताशी ६० च्या वेगात, कोरड्या डांबरावर, दचकून ब्रेक मारेपर्यंतचं अंतर धरून गाडी थांबायला साधारण ४५ मीटर लागतात. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूने पांढरकवड्याला रात्री जाणाऱ्याला या पाच मीटरचा अर्थ सांगायला नको. रोही (नीलगाय) रस्त्यात उभा राहतो आणि हलत नाही.

५.१ टायरमध्ये हवा बरोबर भरा. डिकी रिकामी करा. ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसवा. दिवे वर-खाली करायचं चाक डॅशबोर्डवर असेल तर ते शून्यावर.

५.२ गाडी भिंतीसमोर अशी लावा की हेडलाइटपासून भिंत बरोबर ५ मीटर. गावातला सिमेंट रोड आणि गोदामाची भिंत उत्तम. चारही चाकांखालची जमीन लेव्हलमध्ये हवी, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. गवंड्याच्या पाइपात पाणी भरा, एक टोक पुढच्या चाकापाशी, एक मागच्या चाकापाशी. अडीच मीटर लांबीत १ सेंमी फरक निघाला तर भिंतीवर तोच २ सेंमी होतो. फरक असेल तर खालच्या चाकांखाली पत्रा किंवा प्लायचा तुकडा सरकवा.

५.३ त्याच पाइपाने हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर न्या आणि खडूने आडवी रेघ मारा. पाइप वापरल्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी जमीन वर-खाली असली तरी बिघडत नाही. या रेघेच्या ५ सेंमी खाली दुसरी रेघ. हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर ‘१.२%’ असं काही छापलेलं असेल तर तोच आकडा खरा. १.२% म्हणजे ५ मीटरवर ६ सेंमी. शिवाय दोन्ही दिव्यांच्या मध्यासमोर उभ्या रेघा.

५.४ डिपर लावा. एका दिव्यासमोर पुठ्ठा उभा धरा. कापड टाकू नका, गरम काचेला चिकटतं. उजेडाची वरची कड उजव्या बाजूला सरळ आणि डावीकडे वर चढणारी दिसेल. आपण डावीकडून चालतो, म्हणून कडेची बंडी आणि माणूस दिसावा. उलटी, उजवीकडे चढणारी दिसली तर ते हेडलाइट दुसऱ्या देशाच्या रस्त्यासाठी बनलंय. परत करा.

५.५ मागच्या बाजूचा वर-खालीचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि सरळ कड खालच्या रेघेवर आणा. मग बाजूचा स्क्रू, चढाची सुरुवात उभ्या रेघेवर. स्क्रू गंजला असेल तर आधी तेल सोडा. प्लॅस्टिकचा दात तुटला की पूर्ण हेडलाइट बदलावं लागतं. आता पुठ्ठा दुसरीकडे.

तपासा: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ इथे कामाचा आहे. गाडीच्या पुढे ८ मीटर, उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्याला दिवा दिपवता कामा नये. साधारण उंचीचा माणूस उभा राहिला की डोळा तेवढ्यालाच येतो. त्या जागी स्वतः उभे राहा. डोळे मिटावेसे वाटले तर स्क्रूकडे परत जा.

डिकीत युरियाची ४५ किलोची दोन पोती पडली की गाडीचं नाक वर होतं आणि साधलेला रोख आभाळात जातो. डॅशबोर्डवरचं चाक त्यासाठीच आहे, पोती टाकली की ते एक-दोनवर घ्या आणि उतरवली की शून्यावर. चाक नसेल तर त्या रात्री हळू चालवा.

टप्पा ६ : शेवटी आरसा परत

आता आरशावरची टेप काढा आणि काचेची कड अंगठ्याने हलकी दाबून बघा. हलली तर टेप परत मारा, आणखी एक दिवस. पक्की असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीसारखे बसून आरसा लावा. स्वतःच्या गाडीची बाजू अगदी कडेला, बोटभर दिसली म्हणजे पुरे. अर्धा आरसा आपलंच दार दाखवत असेल तर मागचा रस्ता कुठे दिसणार?

आतला मधला आरसा निसटला असेल तर त्याची जागा पुढची काच पुसायच्या आधीच बाहेरून खडूने आखून ठेवा. आतून पुसल्यावर ती जागा सापडत नाही आणि आरसा वाकडा बसतो. जुना गोंद ब्लेडने खरवडा, स्पिरिट, मग आरसा ज्यावर अडकतो ते बटण आरशासाठी मिळणाऱ्या दोन भागांच्या गोंदाने काचेला चिकटवा. काच गरम असताना लावू नका आणि पहिला दिवस आरसा त्या बटणावर लटकवू नका.

भिंतीवरच्या खडूच्या रेघा पुसू नका, बल्ब बदलल्यावर त्याच पुन्हा लागतात. आमच्या गावात त्या जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या भिंतीवर आहेत. हेडमास्तरांना आधी विचारलं होतं. त्यांचीच गाडी पहिली लावली.